शिट्टीवर निघणारी गाडी

लोकांचे उपकार घेऊ नयेत, अशी तिला आईची शिकवण होती. शिकवण चांगलीच होती. फक्त आईकडे कधी मोटरसायकल नव्हती, त्यामुळे ती कितपत पाळता येईल याचा आईला अंदाज नसावा.

तिच्याकडे मोटरसायकल होती. म्हणजे नवऱ्याची होती. नवरा लांब एका धरणाच्या कामावर होता. अधूनमधून घरी आला की तो आधी लेकीला उचलायचा, मग गाडीच्या टाकीवरून हात फिरवायचा आणि वेळ उरलाच तर बायकोकडे बघून हसायचा. गाडी त्याने लग्नाआधी घेतलेली, आणि तेव्हाही ती जुनीच होती. लग्नानंतरची दोन वर्षं ती त्या गाडीवर मागे बसली. मग नवऱ्याची बदली झाली, लेक पाळणाघरात जायला लागली, ऑफिस काही जवळ सरकेना, म्हणून एके दिवशी ती पुढे सरकली. गल्लीत तिला फटफटीवाली म्हणत. तोंडावर नाही. तोंडावर ताईच म्हणत.

गाडीला दोन दुखणी होती. किक मारली की दांडा गपकन खाली जायचा आणि इंजिनाला त्याचा पत्ताही लागायचा नाही. आतले दाते झिजले होते. मेकॅनिक म्हणाला, "इंजिन उघडावं लागेल," आणि हे त्याने अशा आवाजात सांगितलं, की तिला आधी खुर्ची घेऊन बसावंसं वाटलं. तेव्हा ते राहिलं. दुसरं दुखणं बॅटरीचं. बटण दाबलं की आधी गाडी कण्हायची, मग नुसती 'टक' म्हणायची, आणि पुढे तिने तेवढंही म्हणणं सोडून दिलं. उरला धक्का.

धक्का मागणं ही काही साधी गोष्ट नाही. साखर मागता येते, पेपर मागता येतो. पण 'जरा मागून ढकलता का?' हे कुठल्या आवाजात म्हणायचं? पहिल्या दिवशी तिने तळमजल्यावरच्या शिंप्याला विचारलं. तो बिचारा गळ्यात टेप घेऊन तसाच धावला. लेक पुढे टाकीवर, पट्ट्याने आईच्या पोटाला बांधलेली. गाडी फाटकासमोरच्या उतारावरून कचराकुंडीपर्यंत गेली आणि तिथे मुक्काम केल्यासारखी थांबली.

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून शिट्टी वाजली.

तोंडाने वाजवलेली नव्हे, खरी, पितळेची. कुंडीवरचं मांजर उडालं, शिंप्याने हात वर केले.

"थांबा! असा धक्का देतात?"

ते मास्तर होते. शाळेत ड्रिलचे मास्तर होते आणि आता निवृत्त होते. सगळा जन्म त्यांनी पोरांना रांगेत उभं केलं होतं. निवृत्त झाल्यावर रांगेत उभं करायला घरात फक्त बायको उरली, आणि ती उभी राहत नसे. ते पांढरे कॅनव्हासचे बूट घालून खाली आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि सूत्रं हातात घेतली.

"शिंपी डावीकडे. मी उजवीकडे. हात सीटवर ठेवायचे नाहीत, मागच्या दांड्यावर. कंबर सरळ, गुडघ्यांत वाकायचं. पोरी, तू दुसऱ्या गिअरात, क्लच दाबून. पहिल्या शिट्टीला आम्ही निघणार. दुसऱ्या शिट्टीला तू क्लच सोडायचा. आधी सोडलास तर बाद."

"बाद म्हणजे?"

"बाद म्हणजे बाद. पुन्हा पहिल्यापासून."

ती घाबरून आधीच सोडून बसली. मास्तरांनी खरोखरच गाडी फाटकापर्यंत मागे न्यायला लावली. दुसऱ्या खेपेला मात्र शिट्टी वाजली, क्लच सुटला, गाडीने एक हिसका दिला आणि फटफट सुरू झाली. लेकीने टाळ्या वाजवल्या. मागे वळून बघायची सोय नव्हती, पण आरशात तिला मास्तर दिसले. ताठ उभे, हात कमरेवर, आणि चेहरा असा की जणू वार्षिक संमेलनात पोरांचा मनोरा चढला आणि शेवटपर्यंत पडला नाही.

तेव्हापासून रोजचंच झालं. ती फाटकाशी यायच्या आत मास्तर खाली हजर असत. बूट खडूने पांढरे केलेले. शिंपी मशीन सोडून यायचा, कुरकुरायचा.

"मास्तर, गिऱ्हाईक दारात उभं आहे हो."

"त्यालाही बोलव. मागे जागा आहे."

एकदा गिऱ्हाईक खरंच आलं, अर्धी बाही घातलेलं. मास्तर लेकीची हजेरी घ्यायचे. "चिमणी, दूध प्यायलीस? नखं दाखव." ती कपाळावर उलटा हात ठेवून सलाम करायची. लेक 'आई' बोलायला शिकली, 'बाबा' म्हणायला शिकली, आणि तिसरा शब्द शिकली 'शित्ती'. फोनवर हे ऐकून बाबाला थोडं लागलं, कारण 'बाबा' आणि 'शित्ती' यांत फार दिवसांचं अंतर नव्हतं.

असं छान चाललं होतं. चांगल्या चाललेल्या गोष्टीला दृष्ट लावायला बाहेरचं कुणी लागत नाही. आपलं सद्वर्तन पुरतं.

एका सकाळी धक्का देऊन झाल्यावर मास्तर पायरीवर टेकले. नुसते टेकले, पण नेमके इमारतीचे सेक्रेटरी तिथे आले. सेक्रेटरी म्हणजे जिन्यावर चप्पल कुठल्या कोनात ठेवावी याविषयी मत असलेला माणूस. संध्याकाळी त्यांनी तिला फाटकातच गाठलं.

"वहिनी, राग मानू नका. पण म्हाताऱ्या माणसाला रोज गाडी ढकलायला लावणं बरं दिसतं का? उद्या काही झालं म्हणजे?"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. राग आला, कारण ते खरं असेल अशी भीती वाटली. आईची शिकवण आठवली. रात्रभर ती शिकवण उशाशी बसून होती. सकाळी तिने ठरवलं, नवी बॅटरी घालायची. मास्तरांना आता त्रास द्यायचा नाही.

आधी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "मी आलो की बघतो." हे वाक्य त्याच्या तोंडी कायमचं होतं. स्वयंपाकघरातला नळ, बैठकीतला पंखा, कपाटाचं दार, हे सगळे तो आला की बघणार होता, आणि ते सगळे त्याची तिच्याइतकीच वाट बघत होते.

मग शेजार जागा झाला. बॅटरी हा विषयच असा की ज्याला टॉर्चचे सेल बदलता येतात त्यालाही मत असतं. औषधाच्या दुकानातले कंपाउंडर म्हणाले, "उन्हात ठेवा, ऊब मिळाली की सुधारते." सेक्रेटरी म्हणाले, "अंधारात ठेवा." वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "माझ्या भावाने बॅटरीत मीठ घातलं होतं."

"मग?"

"मग नवीन घेतली."

मास्तरांनाही तिने विचारलं. ते बुटाची लेस बांधत होते. वर न बघता म्हणाले, "बॅटरी कशाला हवी? व्यायाम होतो."

तिने ते सौजन्य समजलं. शिकल्यासवरल्या माणसांचा हाच मोठा घोटाळा. कुणी खरं बोललं की त्यांना ते सौजन्य वाटतं.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिने जुनी बॅटरी काढायला घेतली. शिंपी मदतीला होता, म्हणजे शेजारी उभा राहून 'सांभाळून' म्हणत होता. दुसऱ्याच नटाला पाना घसरला आणि तो बोराएवढा नट टणटण उड्या मारत गटाराच्या जाळीत गेला. तिला रडू यायच्या बेतात शिंपी दुकानात पळाला आणि टाचण्या गोळा करायचं लोहचुंबक दोऱ्याला बांधून घेऊन आला. जाळीत गळ टाकून दोघं उकिडवी बसली. आधी एक टाचणी लागली, मग एक बिल्ला, मग शिंप्याचीच जुनी हरवलेली सुई. ती पाहून त्याला इतका आनंद झाला की नटाचं त्याला विसरायलाच झालं. नट शेवटी आला.

बॅटरी न्यायला पिशवी सापडेना, म्हणून तिने लेकीची पाळणाघराची पिशवी घेतली. बदकांचं चित्र असलेली. हे का सांगायचं, तर दुसऱ्या दिवशी पाळणाघराच्या दारात त्या पिशवीचा तळ अचानक गळून पडला आणि डबा, बाटली, झबलं सगळं पाळणाघराच्या बाईंच्या पायांवर आलं. बॅटरीतून झिरपलेल्या आम्लाने तळ रात्रभर निवांत खाल्ला होता. बाई नुसत्या पिशवीच्या आरपार तिच्याकडे बघत राहिल्या. असं बघण्यापेक्षा माणसाने बोललेलं परवडतं.

पण ते नंतर. आधी दुकान. बॅटरीची वॉरंटी संपायला अजून थोडे दिवस होते, हे तिने कपाटातून शोधून काढलं होतं आणि त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटूनही घेतली होती. दुकानदाराने कार्ड चष्म्याच्या वरून वाचलं, चष्म्यातून वाचलं आणि परत केलं.

"कार्डावर नाव यजमानांचं आहे."

"हो. ते बाहेरगावी असतात. मी त्यांची बायको."

"कशावरून?"

असा प्रश्न तिला लग्नात भटजींनीही विचारला नव्हता. तिने लेकीला उचलून काउंटरवर बसवलं. "ही बघा. नाक अगदी त्यांचं."

दुकानदाराने नाक नीट पाहिलं. माणूस कर्तव्यदक्ष होता. "असेल. पण यजमानांना मी पाहिलेलं नाही."

तिने फोन लावला. पलीकडे धरणावरची यंत्रं धडधडत होती. "अरे, जरा यांना सांग, मी तुझी बायको आहे!" तिने फोन दुकानदाराला दिला. त्याने ऐकलं, मान डोलावली, फोन परत केला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मी आलो की बघतो."

तिने धीर सोडला नाही. वॉरंटी मंजूर करणाऱ्या साहेबांना भेटायचं म्हणाली. साहेब जेवायला गेले होते. थांबते म्हणाली. साहेब जेवून परस्पर घरी जातात, असं कळलं. हे बोलणं चाललं असताना काउंटरवर बसलेल्या लेकीला शाईची डबी आणि लाकडी मुठीचा शिक्का सापडला. तिने आधी स्वतःच्या तळहातावर मारून पाहिला, मग काउंटरवर, मग दुकानदाराच्या बाहीवर, आणि शेवटी सगळं बळ एकवटून वॉरंटी कार्डावर. 'तपासले. मंजूर.'

दोघंही कार्डाकडे बघत राहिले.

"हे काय केलंत?" दुकानदार हळूच म्हणाला.

"तिने केलं."

"आता शिक्का बसला." त्याने कपाळाला हात लावला. "एकदा शिक्का बसल्यावर आम्हाला काही बोलता येत नाही." आणि आत जाऊन तो नवी बॅटरी घेऊन आला. लेक तळहातावर 'मंजूर' मिरवत घरी आली. तो हात तिने दोन दिवस धुऊ दिला नाही.

बॅटरी बसवायला तिने सुट्टीची दुपार निवडली. इमारत जेवून झोपली होती. मास्तरांना आधी कळू द्यायचं नव्हतं. चकित करायचं होतं. माणसाला चकित करण्यापूर्वी त्याला व्हायचं आहे का हे विचारावं, असं कुणी शिकवत नाही.

लाल तार लालला, काळी काळ्याला. नट घट्ट. शिंपी 'सांभाळून' म्हणाला. तिने किल्ली फिरवली.

आणि गाडी जागी झाली. वर्षभर मेल्यागत पडलेलं जे जे काही तिच्यात होतं, ते एकदम उठून बसलं. दिवा लागला, उजवा इंडिकेटर डोळे मिचकावू लागला, आणि हॉर्न. हॉर्नचं बटण मधल्या काळात कधी तरी गंजून आत रुतलं होतं. वीजच नव्हती तोवर कुणाला त्याचा पत्ता नव्हता. आता तो सलग, दम न घेता, सगळ्या झोपलेल्या इमारतीच्या कानात वाजू लागला. तिने किल्ली उलटी फिरवायला घेतली, तर किल्ली हलेना. लेक वरच्या घरात झोपली होती. तिचा टाहो हॉर्नच्या वरचढ निघाला.

खिडक्या उघडल्या. कंपाउंडर बाहेर आले. वरच्या बाई ओरडल्या, "मीठ घालायचं नाही म्हणून सांगायचं राहिलं!" सेक्रेटरी गालावर उशीची घडी घेऊन खाली आले आणि हॉर्नशी बोलू लागले, "हे नियमात बसत नाही!" हॉर्नने ऐकलं नाही.

मग जिन्यात बुटांचा आवाज आला. मास्तर! त्यांनी आल्या आल्या हॉर्नसमोर उभं राहून शिट्टी फुंकली. क्षणभर पितळ आणि हॉर्न यांचा सामना चालला. गल्लीतली कुत्री कुणाच्या बाजूने व्हावं ते न कळून दोघांवरही भुंकली. अखेर शिंप्याने डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि कापडाखेरीज कधी कशाला न लावलेली आपली मोठी कात्री हॉर्नच्या तारेला लावली.

कच्च.

शांतता पसरली. गाडीचा हॉर्न त्या दिवशी गेला तो गेलाच. शिंप्याची कात्रीही त्यानंतर कधी पूर्वीसारखी चालली नाही.

"हं," मास्तर म्हणाले, आणि सवयीने गाडीच्या मागे जाऊन उजवीकडे उभे राहिले. हात दांड्यावर, गुडघे वाकलेले. "शिंपी, डावीकडे. चला, एवढे सगळे उठलेच आहेत तर एक चक्कर मारून येऊ दे पोरीला."

"नको, मास्तर!" ती गाडीवर बसली. तिला हसू आवरत नव्हतं. "बघा तर खरं!"

तिने बटण दाबलं. गाडी एका दमात चालू झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरींनीसुद्धा, दोन. आणि त्या टाळ्यांत तिने मागे वळून, अगदी मनापासून, आनंदाने म्हटलं,

"आता तुम्हाला त्रास नाही, मास्तर!"

मास्तरांचे हात अजून दांड्यावर होते. इंजिनाची थरथर त्यांच्या कोपरापर्यंत जाताना दिसत होती. त्यांनी हात काढले. एकमेकांवर चोळले.

"एका बटणावर?"

"एका बटणावर!"

"शाबास," ते म्हणाले. तिला नव्हे, गाडीला. मग शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळली, शिट्टी खिशात घातली आणि जिना चढून गेले. त्यांच्या पाठीकडे बघायला तिला तेव्हा सवड नव्हती. ती गल्लीभर चक्कर मारून आली.

पुढचे दिवस सोयीचे होते. सोय अशी की कुणाकडे बघावं लागत नव्हतं. ती खाली यायची, बटण दाबायची, जायची. गॅलरीचं दार बंद असायचं. कुरकुर फक्त लेकीची. ती टाकीवर बसायची आणि म्हणायची, "शित्ती." "आता शिट्टी लागत नाही, राणी." "शित्ती!" तिने तोंडाने वाजवून पाहिली. लेकीने ती शांतपणे ऐकून घेतली आणि मान हलवली. बाद.

एकदा वाण्याच्या दुकानात मास्तरीणबाई भेटल्या. मास्तरीण त्या नावाच्याच. उभ्या आयुष्यात त्यांनी नवऱ्याची एक आज्ञा पाळली नव्हती.

"काकू, मास्तर कसे आहेत? दिसत नाहीत."

"आहेत की. खुर्चीत. आधी कोंबड्याच्या आधी उठून बूट घासायचे, मला झोपू द्यायचे नाहीत. आता मी उठवते तर म्हणतात, कशाला?" त्या हसल्या, पण हसू ओठांवर बसेना. "मी तरी काय सांगू, कशाला ते."

तिच्या हातातली पिशवी एकदम जड झाली.

त्या संध्याकाळी ती काहीतरी गोड करून वाटी घेऊन वर गेली. मास्तर खुर्चीत होते. तिला बघून त्यांना बरं वाटलं. "ये, पोरी." ती बसली. 'बरं आहे ना?' 'बरं आहे.' 'गाडी?' 'चालते.' पंखा फिरत होता. तिच्या तेव्हा ध्यानात आलं, की इतक्या महिन्यांत त्या दोघांचं जे काही बोलणं झालं, ते सगळं फाटकापासून कचराकुंडीपर्यंतच्या तेवढ्या उतारावर झालं होतं. त्या उताराबाहेर त्यांना बोलायला काही नव्हतंच. दाराशी बूट होते. पांढरे नव्हते. वाटी तिथेच ठेवून ती खाली आली आणि जिन्यात उगाच थोडा वेळ उभी राहिली. उपकार घेऊ नयेत म्हणे. पण देणाऱ्याच्या हातून काढून घेतले तर त्याला काय म्हणायचं, ते आईने सांगितलं नव्हतं.

बेत दुसऱ्या दिवशीच शिजला. शिंप्याला कटात घ्यायला गेली, तर तो म्हणाला, "ताई, सांगू नका. मी समोरच बसतो ना. मला दिसतं." अडचण एकच होती. किल्ली फिरवली की गाडीच्या तोंडावर हिरवा दिवा लागायचा, बॅटरी जिवंत असल्याची साक्ष देत. तिने लेकीचं एक बदकाचं स्टिकर त्यावर चिकटवलं.

"मास्तर!" तिने खालून हाक मारली. "गाडी चालू होत नाही हो!"

बराच वेळ काही नाही. मग गॅलरीचं दार. मग आत भांडं पडल्याचा आवाज, काकूंचं "अहो, हळू!" आणि मग जिन्यात पावलं. पूर्वीची नव्हेत. एकेका पायरीवर थांबणारी.

मास्तर आले. बूट होते, पण लेस सुटलेली. मागून काकू शिट्टी घेऊन आल्या. ते ती वरच विसरले होते. दांडी खोबणीतून सुटलेल्या छत्रीसारखे दिसत होते ते. एवढ्या थोड्या दिवसांत!

"नवी बॅटरी ना?"

"मेली."

"इतक्यात?"

"दुकानदाराने फसवलं." त्या कर्तव्यदक्ष माणसाची तिने मनातल्या मनात माफी मागितली.

मास्तरांनी गाडीभोवती फेरी मारली. पुढे आले, थांबले. किल्ली फिरवलेलीच होती, आणि बदक आतून हिरवंगार उजळलं होतं. त्यांनी बदकाकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. ती दुसरीकडे बघू लागली. मग ते मागे गेले.

"शिंपी डावीकडे. मी उजवीकडे."

पहिली शिट्टी वाजली. गाडी हलली. हलली ती डावीकडच्या जोरावर. उजवा हात नुसता दांड्याला धरून चालत होता, हे तिला हँडलमध्येच कळलं. आरशात मास्तरांचा चेहरा दिसला. तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. ती दुसऱ्या शिट्टीची वाट बघत राहिली. उतार संपत आला. शिट्टी येईना. "शित्ती!" लेक ओरडली. तेव्हा मागून आली. शिट्टी कसली, नुसता वारा. फिस्स.

तिने क्लच सोडला. गाडीने हिसका दिला आणि गपकन थांबली.

तिने क्लच पुन्हा दाबला, आणि अंगठ्याने हळूच बटण. कुर्रर्र! तो आवाज सगळ्या गल्लीला माहीत होता. गाडी चालू झाली. तिला वाटलं, आता जमिनीने पोटात घ्यावं.

मागे मास्तर भिंतीला धरून उभे होते. छाती वरखाली होत होती. पण दुसरा हात वर होता, मूठ वळलेली. "बघितलंस?" दम लागलेल्या आवाजात ते म्हणाले. "झाली की नाही! सवय जात नाही माणसाची!" शिंप्याने टाळ्या वाजवल्या. मास्तर सावकाश पुढे आले, लेकीची नखं पाहिली, आणि बदकाचा एक सुटलेला कोपरा अंगठ्याने नीट दाबून बसवला.

"घट्ट चिकटव," ते हळूच म्हणाले. "दिसतं."

त्यानंतर मात्र काकूंनी त्यांना जिना उतरू दिला नाही, आणि जन्मात पहिल्यांदा मास्तरांनी बायकोचं ऐकलं. त्यांचे गुडघे गेले होते. बूट घासत होते, उठत होते, तोवर ते गुडघे चालत होते. गुडघ्यांनाही बहुधा विचारायला कुणी नव्हतं, की आता कशाला. हे तिला फार उशिरा कळलं. नवी बॅटरी जुन्या गाडीला बसते. बाकी सगळीकडे ती बसत नाही.

आता सकाळी गॅलरीचं दार उघडं असतं. मास्तर खुर्चीत बसतात, पायांत पांढरे बूट. वरूनच नखं विचारतात. शिंपी मागे दांडा धरून उभा राहतो, नुसता शोभेला. पहिल्या शिट्टीला ती पायाने गाडी थोडी पुढे घेते. दुसऱ्या शिट्टीला बटण दाबते. गाडी लगेच चालू होते, आणि वर एक मूठ हवेत जाते.

परवा तिला उशीर झाला होता. ऑफिसात साहेब येणार होते, लेकीने दूध सांडलं होतं, डोक्यात सतरा गोष्टी. पहिली शिट्टी झाली आणि तिने घाईत बटण दाबून टाकलं. गाडी सुरू झाली. वरून आवाज आला, बारीक, पण खणखणीत,

"बाद!"

तिने किल्ली फिरवली. इंजिन बंद केलं. लेकीला पट्ट्यासकट धरून, दोन्ही पायांनी रेटत, गाडी उताराच्या उलट मागे घेतली, पार फाटकापर्यंत. आणि पुन्हा पहिल्यापासून उभी राहिली.